कुवेतवरचा धुरळा

कशेळ्यात आखाताकडच्या हवेची चौकशी करायची तर लोक हुस्नबानोकडे जात. बाई विधवा, ओटीवर शिवणकाम करायची. पण मशीनशेजारी मोबाइल उभा आणि त्यावर उपग्रहाने काढलेला अर्ध्या दुनियेचा फोटो कायम उघडा. मुलगा अदनान कुवेतला बांधकामावर. तिकडे धुळीचं वादळ आल्याचं कानावर पडलं की ही दिवसभर फोन करून त्याचा जीव खायची. शेवटी त्यानेच वैतागून तिला फोटो बघायला शिकवलं. पांढरा तो ढग, राखाडी तो धूर आणि मातकट पट्टा म्हणजे धुरळा. "पट्टा नसला तर मी ठीक हाय, फोन करू नको," म्हणाला. ही शिकवणी होती की आईपासून सुटका, कोण जाणे.

सुरुवातीला फजितीही झाली. होळीनंतर एकदा फोटोत गावच्या डोंगरालगत आगीचे लाल ठिपके बघून तिने वणवा वणवा म्हणून अख्खी आळी गोळा केली. वाडीवरची कोंडी पोलक्याचं माप द्यायला आलेली. ती पदर तोंडाला लावून हसली. "वनवा कसला गं? आमी राब भाजतोय. पालापाचोळा जाळून रान भाजलं नाय तर भाताचं रोप कसं यावं?" तेव्हापासून हुस्नबानो ठिपक्यांना भुलेनाशी झाली.

शेजारच्या फिझाचा नवरा अदनानच्याच शहरात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रोज सकाळी ती उंबऱ्यात येऊन विचारायची, "खाला, आज कसं हाय?" आणि "साफ हाय गं" ऐकलं की हसत घरी जायची. खरं सांगायचं तर हुस्नबानो त्या एका प्रश्नावर दिवस काढायची. एरवी तिच्याशी बोलायला होतं कोण? अदनानचे फोन आखडत आखडत दोन वाक्यांवर आले होते.

यंदा ईदला तो येणार होता. तिने घर सारवून-पुसून लख्ख केलं, आळीभर सांगितलं. निघायच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"अम्मी, लई धुरळा उठलाय. विमानं बंद हायेत. आता पुढच्या सालीच बघू."

"बरं रं. तोंडाला रुमाल बांध," ती म्हणाली. खिडकीतून फिझाला ओरडून सांगितलं, "अदनान नाय येत गं, तिकडं वादळ हाय." मग सवयीने मोबाइल जवळ ओढला.

कुवेत स्वच्छ होतं. समुद्राचा काठ न् काठ दिसत होता. तिने कापडाच्या चिंधीने काच पुसली, फोटो बोटांनी मोठा केला, आदल्या दिवसाचाही बघितला. पट्टा कुठेच नव्हता. आपण कुणाला काय शिकवलं, हे पोरगा विसरला होता. तिला राग आला नाही. आपण त्याला एवढ्या नकोशा झालो, एवढंच कळलं.

तेवढ्यात फिझा धावत आली. "खाला, ह्यांचा फोन लागत नाय! वादळ लई मोठं हाय का?"

हो म्हटलं असतं तर अदनानची लाज राहिली असती. पण पोरगी पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होती. हुस्नबानोने तिला जवळ बसवून घेतलं.

"साफ हाय गं. सगळं साफ हाय."

"मग अदनानभाईचं विमान?"

"विमान येईल वेळेवर," हुस्नबानो म्हणाली. "तोच नाय बसला त्यात."