नत्थूजींचा गज

नत्थूजी मिस्त्री गेले ही बातमी मला कचेरीत कळली. दुपारच्या चहाच्या वेळी त्यांच्या मुलाचा, विनायकचा, फोन आला. "काका, बाबा गेले. रामदासपेठेच्या दवाखान्यातून घरी आणून राहिलो," एवढंच तो बोलला. मी "निघतोच" म्हणालो खरा, पण पाच-दहा मिनिटं खुर्चीतून उठलोच नाही. समोर कुणाची तरी फाईल उघडी होती. त्यातल्या एका रकान्यात 'वरीलप्रमाणे' असं लिहिलेलं होतं. त्या शब्दाकडे मी नुसता बघत बसलो... आमची सगळी दोस्ती याच एका शब्दापायी मोडता मोडता राहिली होती.

नत्थूजी म्हणजे इतवारी बाजारातले बंदूक दुरुस्त करणारे मिस्त्री. भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. बाहेर हातगाड्यांचा कालवा आणि आत तेलाचा वास. मी तेव्हा कलेक्टर कचेरीत हत्यारांच्या लायसन्सच्या टेबलावर बाबू होतो. दर तीन महिन्यांनी ते आपलं रजिस्टर तपासायला घेऊन यायचे, तिथून ओळख झाली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मला 'बाबू' म्हणायचे, आणि 'अरे तुरे' पहिल्या दिवसापासून. माणूस असा काटेकोर की विचारू नका. बंदूक हातात आली की आधी उघडून रिकामी आहे हे दोनदा पाहायचे. मग ती मिटून नळीवरचा नंबर स्वतः मोठ्यानं वाचायचे आणि गिऱ्हाईकाला लायसन्सवरचा वाचायला लावायचे. मग कोपऱ्यातला सागाचा लांब गज काढायचे. त्यावर इंचांच्या खुणा होत्या आणि टोकाला पितळी टोपण. तो नळीत सोडला की तळाशी टेकून 'टक्' असा आवाज व्हायचा. तो आवाज ऐकल्याशिवाय आकडा लिहायचे नाहीत. साधा घोडा बदलायचा असला तरी नळी मोजणार. मी एकदा चिडवलं, "मिस्त्री, डोकं दुखतं म्हणून आलेल्याचे पाय मोजता तुम्ही." तर म्हणाले, "पाय कोणाचे हायेत ते तं समजलं पाह्यजे ना गा."

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट असेल. मौद्याजवळच्या आमच्या गावी दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती पाहायचा. रानडुकरांसाठी वडिलांच्या वेळेपासून बारा बोअरची एकनळी बंदूक घरात होती. दादा एकदा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरला, नळीच्या तोंडात चिखल गेला आणि या शहाण्यानं तो न काढताच बार काढला. नशीब की हात वाचला. नळी तोंडाकडून फुगली, चिरली. एवढा भाग कापून टाकला तर बंदूक चालेल, असं दादाचं म्हणणं. नळी कापणं म्हणजे फांदी तोडणं नव्हे. त्याला कचेरीची परवानगी लागते, आणि कापल्यावर नळी वीस इंचांपेक्षा कमी उरली तर ते हत्यार बाळगणंच गुन्हा. आखूड नळी शालीखाली लपते, एवढं साधं कारण आहे त्याचं. पण मी त्याच टेबलावरचा बाबू! लायसन्सवर नळी तीस इंच होती, कापायची आठ, उरणार बावीस. मीच अर्ज लिहिला, मीच टिपण ठेवलं, साहेबांची सही झाली. दादाला घेऊन ऐटीत इतवारीत गेलो. मंगळवार होता.

नत्थूजींनी परवानगी दोनदा वाचली. मग गज सोडला. टक्. खूण पाहिली, गज काढला, पुन्हा सोडला. मला म्हणाले, "बाबू, इकडे ये. तूच पाह्य." मी पाहिलं. नळी सव्वीस इंच होती. कधी तरी, कुणी तरी, बहुधा वडिलांनी घेण्याच्याही आधी, ती चार इंच कापलेली होती. माझ्या आधीच्या बाबूंनी मोजली नाही आणि मीही नाही. दर नूतनीकरणाला लांबीच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहायचं आणि पुढची फाईल ओढायची, ही आमच्या टेबलाची रीतच होती. त्या टिपणावर तर 'नळी समक्ष मोजली' असं लिहून खाली मी सही केली होती. आठ इंच कापले की उरणार अठरा.

मी म्हटलं, "मिस्त्री, परवानगी आहे ना हातात? कागदावर बावीसच उरतात. कापा, कोण बघतं?"

"कागद कापाचा हाये का मले?" ते म्हणाले. आवाज चढला नाही. "कापलेलं जोडता येत नाही, बाबू. रजिस्टरात तं मले लिहाच लागन. तू जाय अन् सायबाले सांग."

"नोकरी जाईल माझी."

"जाईन बी," ते म्हणाले आणि बंदूक कपड्यात गुंडाळायला लागले.

मला अस्सा राग आला की काय सांगू! दारात दादा म्हणाला, "दुसरा मिस्त्री पाहू, जो मोजत नाही." बुधवारचा अख्खा दिवस मी त्या दुसऱ्या मिस्त्रीचा विचार करत होतो. घरात दोन लहान मुली, पगार तो केवढा... गुरुवारी मात्र मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वाचकांना वाटेल, मनाला टोचणी लागली म्हणून. तसं काही नव्हतं. नत्थूजींनी रजिस्टरात लिहिलंच असणार, ते उद्या ना परवा टेबलावर येणारच, त्या भीतीनं मी गेलो. शनिवारी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "मिस्त्रीचं रजिस्टर मागवून पाहिलं मी." आणि एक वेतनवाढ रोखून माझी बदली रेकॉर्ड विभागात केली. सगळे म्हणत होते सस्पेंड होणार, ते टळलं. पण मी धरून बसलो की या माणसानं माझी चहाडी केली. दादाची बंदूक जमा झाली. त्या साली डुकरांनी निम्मी तूर खाल्ली आणि दादा दिवाळीपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.

मी सहा महिने इतवारीत पाय ठेवला नाही. मग एका रविवारी नत्थूजीच घरी आले, हातात वर्तमानपत्रात बांधलेल्या सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या. बायकोला म्हणाले, "तुमच्या वहिनीनं पाठोल्या, खाऊन घ्या वं गरम गरम." माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहून, रस्ता भुलला का गा?" वड्या खाल्ल्या, चहा झाला, पुन्हा जाणं-येणं सुरू झालं. त्या मंगळवारचा विषय आम्ही पुढे कधीच काढला नाही. माझ्या मनात मात्र एक बारीक कुसळ राहिलंच. धाकटीच्या लग्नात ते तीन दिवस राबले, तेव्हाही होतं ते.

नत्थूजींचं लायसन्स त्यांच्याबरोबर संपलं. विनायक बँकेत आहे, त्याला हा धंदा करायचा नाही. त्यामुळे दुकानात दुरुस्तीला आलेल्या बंदुका आणि सगळी रजिस्टरं यादी करून जमा करायची होती. "काका, तुमच्याशिवाय हे कोणाले जमन?" म्हणून त्यानं मला बोलावलं. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं दुकानात बसलो. जुनी रजिस्टरं काढता काढता ते वर्ष हाती आलं. खरं सांगतो, आधी नको वाटलं. मग पानं उलटून तो मंगळवार शोधला. दादाचं नाव, बंदुकीचा नंबर. कागदावर तीस, गजावर सव्वीस. काम केलं नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात: 'लांबीतली चूक लायसन्सच्या बाबूंनी स्वतः उघड केली. साहेबांना स्वतः सांगणार आहेत.'

मी तारीख पुन्हा पाहिली. मंगळवारचीच होती. खालच्या ओळीत त्याच दिवशीचं दुसरं काम लिहिलेलं, म्हणजे मागाहून घुसवलेलं नाही. मी दुकानातून शिव्या देत निघालो, त्यानंतर त्यांनी बसून हे लिहिलं होतं. साहेबांनी शनिवारी वाचलं ते हे. मी वाचलो तो यामुळे, आणि पंधरा वर्षं मी त्या माणसाला मनात चहाडखोर म्हणत होतो. मी गुरुवारी गेलो नसतो, तर त्यांच्या इतक्या रजिस्टरांत खोटी ओळ एकच राहिली असती, ती माझ्यावरच्या भरवशाची. मला रडू आलं. विनायकला वाटलं, बाबांची आठवण आली. ते खरंच होतं म्हणा.

नंतर आम्ही यादीला बसलो. सात बंदुका होत्या. विनायक रजिस्टरातली लांबी वाचून दाखवायला लागला. मी म्हटलं, "थांब." पहिली बंदूक उघडली, रिकामी आहे ते दोनदा पाहिलं, मिटली, नंबर मोठ्यानं वाचला आणि कोपऱ्यातला गज घेतला.

"काका, बाबांनीच मोजून लिहिलं हाये ना," विनायक म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं आणि गज नळीत सोडला. टक् आवाज झाला. मग मी आकडा लिहिला.