माझ्या हाताचं पिस्तूल

मी पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं तेव्हा सदतीस वर्षांची होते. वाकोल्याच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. निवडणुकीच्या ड्युटीचं प्रशिक्षण अंधेरीतल्या एका क्रीडा संकुलात होतं. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन पाय मोकळे करायला खाली उतरले, तर तळमजल्यावर काचेपलीकडे माणसं रांगेत उभी दिसली. प्रत्येकाचा पिस्तूल धरलेला एक हात समोर ताठ, दुसरा खिशात. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दिवसभर चाळीस पोरांच्या गलक्यात राहणाऱ्या बाईला ती शांतता नुसती बघूनच बरं वाटलं. पुढच्या शनिवारी मी परत गेले आणि तिथल्या नेमबाजी क्लबात नाव घातलं.

तिथले सर पोलिसातून निवृत्त झालेले. कमी बोलायचे आणि बोलले की तोडून बोलायचे. मी काय करते हे कळल्यापासून ते मला टीचरच म्हणायला लागले. पहिली दोन वर्षं मी क्लबच्या पिस्तुलावर शिकले. छर्रे हवेच्या दाबाने उडवणारं पिस्तूल, दहा मीटरवर लक्ष्य, स्पर्धेत साठ नेम. दहा-दहाच्या सहा सिरीज, एका नेमाला जास्तीत जास्त दहा गुण. ऐकायला सोपं वाटतं. पण एक किलोच्या आसपास वजनाची वस्तू एका हाताने खांद्याच्या उंचीला धरायची, तीही सव्वा तासात साठ वेळा, सरावाचे नेम वेगळे, म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या वर्षी मला स्वतःचं पिस्तूल मिळालं. क्लबातल्या एका उंच, दांडग्या गृहस्थांनी खेळ सोडला आणि त्यांचं पिस्तूल माझ्याकडे आलं. नळीखाली एक सळई होती आणि त्या सळईवर पुढे-मागे सरकणारी तीन छोटी वजनं. मी ती तशीच ठेवली. रेंजवर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की पिस्तूल जड असलं की स्थिर राहतं. ते खोटंही नव्हतं. पहिल्या सिरीजमध्ये माझी पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, अशी थांबायची की मलाच नवल वाटायचं. नव्वद, एक्क्याण्णव गुण यायचे. सर मागून म्हणायचे, "झकास. असंच धरा."

असंच धरता मात्र यायचं नाही. चौथ्या सिरीजनंतर हात खाली ओढला जायचा. छर्रे सहाच्या, सातच्या वर्तुळात खाली जाऊन बसायचे. शेवटच्या दोन सिरीज ब्याऐंशी आणि ऐंशी. मला वाटलं, माझीच ताकद कमी पडतेय. मग घरी पाण्याची भरलेली बाटली समोर धरून उभी राहायला लागले. सकाळी दहा मिनिटं, शाळेतून आल्यावर दहा मिनिटं. एवढ्यावर भागेना म्हणून पिस्तुलावर आणखी एक वजन चढवलं. जड झालं की अजून स्थिर होईल, हा माझा हिशोब.

राज्य पातळीच्या स्पर्धेला तीन महिने उरले असताना एका सकाळी फळ्यावर पाढा लिहायला हात वर केला आणि खांद्यात कळ आली. खडू खाली पडला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, खांद्याच्या स्नायूला सूज आहे, तीन आठवडे काही उचलायचं नाही. मी पिस्तुलाचं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "या वर्षी सोडा टीचर. पुढच्या वर्षी बघू."

"तीन आठवडे विश्रांती आहे सर. स्पर्धा तीन महिन्यांनी आहे."

"परत उचलणार तेच पिस्तूल ना? परत तेच होणार."

ते सहज बोलून गेले, पण मला ते वाक्य दिवसभर पुरलं. वर्गात मी डाव्या हाताने फळ्यावर लिहीत होते. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं अक्षर बालवाडीतलं झालंय." वर्ग हसला, मीही हसले. पण डोक्यात सरांचं तेच वाक्य होतं. हात बरा होईल. पिस्तूल तेच राहिलं तर मग उपयोग काय? ते मिळाल्यापासून मी पिस्तुलाप्रमाणे हात बदलायला बघत होते. पिस्तूल हाताप्रमाणे बदलायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पेटी उघडून पिस्तूल टेबलावर ठेवलं. बोरीवलीच्या घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका कारखान्यात निवृत्तीपर्यंत तेच काम. आता शहात्तर वर्षांचे आहेत. एवढे दिवस त्यांनी माझ्या या खेळात कधी तोंड घातलं नव्हतं. पिस्तूल त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी आधी नळी बघितली नाही, मूठ बघितली. लाकडी मूठ, हाताला बसावी म्हणून खाचा असलेली. मग त्यांच्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "धरून दाखय."

मी डाव्या हाताने आधार देऊन उजव्यात धरलं. त्यांनी माझ्या अंगठ्याखाली करंगळी घालून बघितली. ती सहज आत गेली.

"ही मूठ तुझ्या हाताची नाय गो. दुसऱ्याच्या चपला घालून धावतंस तू."

"सगळे म्हणतात हळूहळू सवय होते."

"लाकडाक खयची सवय?" ते म्हणाले. "खडू हाड तुझो. रंगीत."

खडू कशाला आणायला सांगतायत ते मला कळेना. ते म्हणाले, गिरणीत दोन भाग एकमेकांत नीट बसतात की नाही ते बघायला एका भागाला निळा रंग लावायचे. जिथे टेकतं तिथे रंग उमटतो, जिथे पोकळी आहे तिथे उमटत नाही. मी निळा खडू कुटून तळहाताला चोळला, मूठ घट्ट धरली आणि सोडली. लाकडावर फक्त दोन ठिकाणी निळं उमटलं होतं. अंगठ्याच्या बुडाशी आणि मधल्या बोटाच्या पेरावर. बाकी सगळा हात हवेतच. म्हणजे ते सगळं वजन मी एवढ्याशा दोन जागांवर पेलत होते, आणि उरलेलं काम खांदा करत होता.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या गॅलरीत तेच चाललं. जिथे टोचतं तिथे कानस, जिथे पोकळी आहे तिथे लाकडात भरायच्या लांबीचा लेप. वाळली की परत खडू, परत कानस. मूळ लाकडाला पहिली कानस लावताना माझा जीव खालीवर झाला, कारण घासलेलं परत येत नाही. बाबांनी विचारलं, "घासू?" मी हो म्हटलं. खालची आडवी पट्टी, जिच्यावर तळहाताची कड टेकते, ती वर सरकवून घेतली. मनगट मोकळंच राहिलं पाहिजे असा नियम आहे, तो मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. शेवटी एकदा धरलं तर सगळा तळहात निळा उमटला. बाबांनी चष्मा वर करून बघितलं आणि कानस फडक्यात गुंडाळून ठेवून दिली.

तीन आठवडे झाल्यावर मी रेंजवर गेले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे चारही वजनं काढून पिशवीत टाकली. त्याआधी एक गोष्ट मी ठरवली होती. आम्ही सगळे पिस्तूल पारखतो ते पहिल्या दहा नेमांत, हात ताजा असताना. माझं नुकसान व्हायचं ते शेवटच्या वीसमध्ये. म्हणून मी वहीत पहिल्या चार सिरीज लिहायच्याच नाहीत, फक्त पाचवी आणि सहावी लिहायची. आठवडाभर एकच जुळणी, मध्ये काहीही बदलायचं नाही.

वजनं काढल्यावर साईट अक्षरशः नाचायला लागली. काळ्या वर्तुळाखाली ती थांबायलाच तयार नाही. सर मागे येऊन उभे राहिले.

"टीचर, हे काय चाललंय? हलतंय बघा किती."

"हलू दे सर. मला आठवडा द्या."

"स्पर्धेत तुम्हाला हलण्याचे गुण देणार आहेत का?"

मी पुढचा छर्रा भरला. पहिला आठवडा वाईट गेला. साईट थांबेल म्हणून मी वाट बघायचे, ती थांबायची नाही, मग घाईने ट्रिगर ओढला जायचा आणि छर्रा कुठेतरी. एका नेमाला तर पाच गुण. दुसऱ्या आठवड्यात हळूहळू लक्षात आलं की ती हलते, पण ठराविक जागेतच हलते, आणि ती जागा दहा-नऊच्या आतली आहे. थांबायची वाट न बघता, हलत असतानाच बोट सावकाश मागे घेतलं तर छर्रा त्या जागेबाहेर जात नाही. हे समजायला सोपं आणि करायला भयंकर अवघड. प्रत्येक वेळी मन म्हणतं, थांब, अजून जरा थांबू दे.

तिसऱ्या आठवड्यात मी एक वजन परत लावलं, पण पुढे टोकाला नाही, सळईवर अगदी मागे, हाताजवळ. पिस्तुलाचं तोंड आता खाली ओढत नव्हतं. पाचवी सिरीज नव्वद, सहावी एक्क्याण्णव. चौथ्या आठवड्यात दोन वजनं लावून बघितली, तर सहावी पुन्हा शहाऐंशीवर आली. मी दुसरं काढलं आणि वहीत त्या एका वजनाभोवती गोल केला. सरांना वही दाखवली. ते उभ्याउभ्या सगळी पानं उलटून बघत होते.

"पहिल्या सिरीज कुठे आहेत?"

"त्या मुद्दामच लिहिल्या नाहीत."

त्यांनी वही परत दिली. "दिसायला वाईट दिसतं," ते म्हणाले. "पण लिहिलंय ते खोटं नाही. याच्यावरच राहा. आता कोणी काही सांगितलं तरी हात लावू नका."

स्पर्धेच्या दिवशी सामान तपासणीच्या टेबलावर गोंधळ झाला. ट्रिगर किमान पाचशे ग्रॅम ओढ सहन करतो की नाही हे तिथे बघतात. पिस्तूल उभं धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि वर उचलतात. वजन उचललं जायच्या आतच माझा ट्रिगर सुटला. दुसऱ्यांदा सुटला, तिसऱ्यांदाही. चूक माझीच होती. बोटाला हलकं लागावं म्हणून मी तो अगदी नियमाच्या काठावर बसवला होता. तपासणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दुरुस्त करून परत आणा. वेळ आहे." वेळ पंचवीस मिनिटं होती. सर बाहेर होते, त्यांना बोलवायला मी गेलेच नाही. बाकावर बसून बारीक स्क्रू अर्धा फेरा आवळला. किल्ली दोनदा सटकली. परत गेले, वजन उचललं गेलं आणि ट्रिगर टिकला.

पण तो आता माझा नेहमीचा ट्रिगर नव्हता. मला वाटायचं त्यापेक्षा उशिरा सुटायचा. पहिली सिरीज चौऱ्याऐंशी. शेजारच्या मुलीचे छर्रे पडद्यावर एकावर एक बसलेले दिसत होते. मी पिस्तूल खाली ठेवलं, पाणी प्यायले आणि स्वतःला सांगितलं की ट्रिगर जड आहे तर जड आहे, आता तो बदलणार नाही. दुसरी एक्क्याण्णव आली. तिसरी ब्याण्णव, चौथी नव्वद. याच जागी माझा हात दरवेळी खाली जायला लागायचा. पाचवी सुरू करताना मी खांद्याकडे लक्ष दिलं. तो थकला होता, पण वर येत होता. मूठ हातात जिथे बसायची तिथेच बसत होती. पाचवी त्र्याण्णव. सहावीत शेवटच्या नेमाला साईट इतकी हलत होती की एकदा पिस्तूल खाली घेतलं, श्वास घेतला, परत उचललं आणि हलतानाच सोडलं. नऊ. सहावी चौऱ्याण्णव.

एकूण पाचशे चव्वेचाळीस. पदकाच्या आसपासही नाही. पण पुढच्या पातळीवर जायला लागणाऱ्या गुणांपेक्षा चार जास्त. सरांनी यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "पहिल्या सिरीजला काय झालं?" मी ट्रिगरचं सांगितलं. ते म्हणाले, "मला बोलवायचं ना."

"वेळ गेला असता सर."

ते हसले नाहीत, पण माझी पेटी त्यांनी रिक्षापर्यंत उचलून नेली.

पुढच्या पातळीवर मी पार खाली राहिले. तिथे माझ्या अर्ध्या वयाच्या मुली असं खेळतात की नुसतं उभं राहून बघत बसावं. मी मात्र त्यांचे गुण बघायला गेले नव्हते. सहाही सिरीज खांदा न दुखता पूर्ण केल्या, आणि सहावी पहिलीपेक्षा चांगली आली. परत आल्यावर एक दिवस शाळेतल्या रजेच्या कागदपत्रांत गेला, दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रेंजवर होते. ट्रिगर आता काठावर ठेवत नाही, थोडा वरच ठेवते आणि त्याच्यावरच सराव करते. पुढच्या वर्षीचा अर्ज भरून झालाय.