दिवसापुरती लेक

आमच्या बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत दारोदार मुली मागत हिंडायच्या. लग्नासाठी नव्हे, रोज दिवसापुरत्या. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि शाळेमागच्या खोलीत एकट्याच राहायच्या. साल एक्केचाळीस-बेचाळीस असेल. कराडजवळच्या आमच्या गावात मुलींचं शिबिर कुणी ऐकलंही नव्हतं. मुलगी रात्री घराबाहेर राहणार हे तर कुणालाच पटलं नसतं, म्हणून बाईंनी ते दिवसाचं केलं. सकाळी न्यायचं, दिवेलागणीच्या आत दारात आणून सोडायचं.

"जशी देता तशीच आणून सोडीन," असं त्या प्रत्येक आईला सांगत. माझी आई म्हणाली होती, "तशीच नगं बाई, जरा शाणी करून आणा."

कोयनेकाठच्या आमराईत आमचा दिवस जाई. सकाळी लेझीम असे, रांगेत प्रत्येकीची जागा ठरलेली. कमरेला वाळके भोपळे बांधून बाई आम्हांला पोहायला शिकवत. दुपारी सगळ्यांच्या भाकरी एका फडक्यावर ठेवायच्या आणि आपली सोडून दुसरीची उचलायची, हा त्यांचा नेम. कुणाची कुठल्या घरची, हे विचारायचं नाही.

शेजारची हौसा माझी मैत्रीण. वडील पलटणीत, घरात आजीचा धाक. घरी ती मान वर करून बोलायची नाही, पण पाण्यात पडली की तिचं हसू पलीकडच्या काठाला ऐकू जाई. बाई म्हणायच्या, "हिला हसायला कुणी शिकवलं नाही, हे बरं झालं."

तिसऱ्या उन्हाळ्याआधी हौसाचं लग्न झालं. तरी बाई तिच्या सासरी चालत गेल्या आणि एका दिवसासाठी तिला मागितलं. सासूने गूळपाणी दिलं आणि सुना खेळायला पाठवत नसतात म्हणून सांगितलं. परत आल्यावर बाई एवढंच बोलल्या की, हौसा चुलीपाशी दिसली, तिने वर पाहिलं नाही.

पुढच्या माघात हौसा बाळंतपणाला माहेरी आली, आणि त्यातच गेली. बाळही राहिलं नाही. बाई तिच्या आईजवळ दुपारभर बसून होत्या.

त्या उन्हाळ्यात त्या कुणाच्याही दारात गेल्या नाहीत. त्यांची सांगलीला बदलीही झाली होती. आम्हीच त्यांच्या खोलीवर गेलो. "यंदा मी कुणाची लेक मागणार नाही," त्या म्हणाल्या.

"मागू नका," मी म्हटलं. "आमी आमच्या आलोय."

ते शेवटचं शिबिर. एका सकाळी आम्ही लेझीम घेऊन रांगेत उभ्या होतो. हौसाची आई बांधावरून खाली आली आणि झाडाशी थांबली. बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिली. मग तिने बाईंना विचारलं, "हौसा कुठं हुबी ऱ्हायची?"

बाईंनी तिचा हात धरला आणि तिला माझ्या शेजारी आणून उभं केलं. मग त्या समोर गेल्या. सुरुवात करून द्यायला त्यांनी मला खुणावलं. मीच "एक, दोन" म्हटलं. आम्ही खेळलो. माउली पदर तोंडाशी धरून रांगेत उभी होती आणि आम्ही पावलं टाकत पुढे सरकलो, की तीही आमच्याबरोबर एक पाऊल पुढे सरकत होती.