दारावरचा कडुलिंब

धाकटा भाऊ तोरणमाळच्या जंगलात रस्त्याच्या मोजणीला गेला होता. परतला तो ताप घेऊनच. हाडं फुटतायत म्हणायचा. डोळे हलवले तरी दुखायचे. जंगलातून आणलेला ताप म्हणजे मलेरिया, एवढंच तेव्हा आम्हा धुळ्याच्या माणसांना ठाऊक. रक्त तपासलं, मलेरिया निघाला नाही. मी निर्धास्त झालो.

मग एका सकाळी ताप उतरला आणि अंगभर लाल पुरळ उठलं. गोवर बाहेर पडला की जीव वाचला, असं आमच्याकडे मानतात. मी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरातली फोडणी बंद केली. गोवरात औषध द्यायचं नाही, हेही मीच सांगितलं. मी, शाळेत विज्ञान शिकवणारा.

"एवढ्या वयात गोवर?" भाऊ हसला. "नाना, तुमच्याच शाळेत नाव घाला आता माझं."

आई त्याचे हात चोळत होती. म्हणाली, "नाना, हाई गोवर नही शे. हात थंडागार पडी ग्यात. दवाखानामा लई चाल."

"बाहेरचा वारा लागला तर गोवर आत जाईल," मी म्हणालो.

संध्याकाळी त्याचं पोट असह्य दुखू लागलं, हिरड्यांतून रक्त आलं. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडताना मी हाका मारत होतो. आधी तो ओ देत होता, मग नुसतं बोट हलवू लागला.

डॉक्टर म्हणाले, "डेंग्यू दिसतोय. डासांमुळे होतो, जंगलातून आणला असेल. यात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका. सकाळी का नाही आणलंत?"

आई म्हणाली, "मीच थांबाडं, साहेब."

भाऊ गेला. त्याच्या बायकोने आईचे शब्द ऐकले होते. तिने पुढे आईच्या हातचं पाणीही घेतलं नाही. नातेवाईक म्हणत, म्हातारीच्या देवभोळेपणाने पोरगा गेला. एकदा मी आईला म्हणालो, खरं सांगून टाकतो.

"एक पोऱ्या गया. दुसराबी गमाडू का?" ती म्हणाली. मला तेवढं निमित्त पुरलं.

आई जाऊन खूप वर्षं झाली. भावजय अजून तिच्या फोटोला हार घालत नाही. हे तिने वाचावं म्हणून लिहितो आहे. डहाळा मी बांधला होता. आई तो सोडायला उठली, तेव्हा मी तिचा हात धरला.