माझ्या हातचा काला

पोरगी दप्तरावरच कोसळली, तेव्हा मी दारात बूट घालत होतो. आठ वर्षांची माझी लेक. डोळे वर गेलेले, उजवा हात ताडताड उडतोय, तोंडाला फेस. बायकोनं तिला धरलं, माझी आई कांदा फोडून नाकाशी धरायला धावली, शेजारच्यानं हुंगवायला पायातली चप्पल काढली. आणि मी? एका पायात बूट, तसाच उभा. साखर कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात गेली, चालू मशिनीपाशी कधी कचरलो नाही. त्या सकाळी मात्र दुसरा बूट हातातच राहिला.

नगरला नेलं. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. एक बारीक गोल, त्याच्या आत एक ठिपका. "ही जंताच्या अळीची गाठ आहे. औषधानं जाईल, पण वेळ लागेल. तोवर झटका परत येऊ शकतो."

"जंत? डोक्यात?" आईनं गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. "अवो बाई, आमच्या घरात अंडंसुदीक शिजत न्हाई."

मॅडम म्हणाल्या, हिनं मांस खाल्लंय म्हणून नाही झालं हे. कुणाच्या तरी आतड्यात मोठा जंत आहे, फितीसारखा चपटा. त्याची अंडी संडासावाटे पडतात आणि हातावाटे, भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात, तिथून अळी रक्तावाटे डोक्यात पोचते. "घरातल्या सगळ्यांची संडास तपासून घ्या. तीन दिवस नमुने द्या, एका वेळी अंडी सापडतीलच असं नाही. आणि कुणाला पांढरे चपटे तुकडे पडलेले दिसलेत का?"

सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली. मीही हलवली.

मला दिसले होते. कितीदा तरी! लांबट, भिजल्या पोह्यासारखे, आणि एक तर वळवळत होता. दोन वर्षांमागं कारखान्याचा हंगाम संपला, पट्टा पडला, तेव्हा आम्ही फिटर लोकांनी एकाच्या वस्तीवर पार्टी केली होती. डुकराचं मटण. भूक लागलेली, दम कुणाला? आतून कच्चंच होतं, तरी "लई भारी, लई भारी" करत हाणलं. घरी काय सांगणार? पुढं ते तुकडे दिसायला लागले तेव्हा गुपचूप वावडिंगाची पूड खाल्ली. डॉक्टरला दाखवायची लाज वाटली. जंत काय, लहान पोरांना होतात, जातील आपोआप, असं मनाला सांगत राहिलो.

लॅबमधून डब्या आणल्या. बायकोनं आपल्या दिल्या, आईच्या दिल्या. "तुमच्या?" "कामावर जाता जाता देतो," म्हणालो आणि कॅनॉलात फेकून दिल्या. बायकोचा रिपोर्ट चांगला आला, आईचाही आला. "तुमचा?" "माझापण चांगलाय." इतकं खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही बघा.

मग दोष कुणाचा? भाजीचा. आणि माझ्या रागाचं तर विचारूच नका. आतून भीतीनं पाणी झालं होतं ना, म्हणून वरून मोठा आवाज. "मेथी धुतीस का नुसती पाण्याला दाखवतीस?" असा खेकसलो बायकोवर. त्या दिवसापासून ती भाजी मिठाच्या पाण्यात घालून ठेवायला लागली. तीच मेथी मी मान खाली घालून खात होतो.

आणि रोज सकाळी पोरीला काला करून देत होतो. दूध-भाकरी पप्पांनीच कुस्करायची, हा तिचा हट्ट. मला माझ्या हातांचा केवढा अभिमान! ग्रीस काढायला आधी रॉकेल, मग साबणाची पावडर, मग नखांना ब्रश. शिफ्टवरून आल्यावर पंधरा मिनिटं मोरीतून उठायचो नाही. संडासातून आल्यावर मात्र दोन तांबे पाणी, झालं. तिथं कुठं ग्रीस लागतंय? जे काळं दिसतं तेच आम्हा फिटर लोकांच्या हिशेबी घाण.

दुसरा झटका आला तो माझ्या मांडीवर. घास तिच्या तोंडातच होता. मॅडमनी सांगितल्यासारखं कुशीवर वळवली, घास गालावरून माझ्या मनगटावर ओघळला. ती निळी पडत होती. देवा, ही गेली तर मीच मारली, एवढंच डोक्यात. दोन-तीन मिनिटांनी तिनं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी माझ्या संडासातला एक तुकडा बाटलीत मिठाच्या पाण्यात घेऊन एकटाच लॅबमध्ये गेलो. तिथल्या म्हाताऱ्या लॅबवाल्यानं हातमोजे घालून तुकड्यात सुईनं शाई भरली, दोन काचांमध्ये दाबला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जंताच्या अंड्यांच्या पिशवीला फुटलेल्या फांद्या मोजायला लागला. मलाही बघायला लावलं. मधे एक खोड, दोन्ही अंगांना काळ्या फांद्या.

"गाई-म्हशीच्या मांसातला असता तर फांद्या लई दाट असत्या. ह्याला एका बाजूला दहासुदीक न्हाईत. डुकराचा हाय. ह्योच डोक्यात जातो." मग त्यानं चष्मा वर केला. "मॅडमला दाखवल्याबिगर जंताची गोळी घिऊ नका. घरात लहान पोरं हायेत का?"

तिथंच बाकड्यावर बसून रडलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पार्टी, पूड, डब्या, रिपोर्ट. वाटलं, तोंड फोडील. ती उठली, मला मोरीपाशी बसवलं आणि पाणी ओतायला लागली. "घासा. अजून घासा." हात लाल झाले तरी "घासाच."

तेवढ्यात पोरगी वाटी घेऊन आली. "पप्पा, काला."

बायकोनं वाटी स्वतःकडं घेतली. "आजपासून मी करनार. का, ते तिला तुमी सांगा."

मी सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून. ती माझ्या ओल्या हातांकडं बघत राहिली.

"मंजी तुमच्यामुळं मला फिट येती?"

"व्हय बाळा," म्हणालो.

ती वाटी घेतलेल्या तिच्या आईच्या पुढ्यात जाऊन बसली आणि घासासाठी तिनं तोंड उघडलं.