माझ्या गाऊनचा उत्तरार्ध

समस्त पदवीधरांना व त्यांच्या मातापित्यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पदवीदान समारंभ आटोपला म्हणजे सुटलो असे समजू नये. खरा पेपर त्यानंतर असतो. प्रश्न एकच : या गाऊनचं आणि टोपीचं आता करायचं काय?

इतरांना हा प्रश्न पडला नाही. त्यांनी विद्यापीठाचे गाऊन भाड्याने घेतले आणि परत केले. पण आमच्या अप्पांचं लातूरजवळच्या मुरुडला कापडाचं दुकान! "कापडवाल्याचं पोरगं भाड्याचा झगा घालणार? लोक तोंडात शेण घालतील!" असं म्हणून त्यांनी काळ्या कापडाचा अख्खा तागा उलगडला. शिंप्याने एका फोटोवरून गाऊन बेतला आणि "अजून अंगानं भरंल पोरगं" म्हणून चांगला दुप्पट ठेवला. (मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.) टोपी साड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची, गोंडा पोळ्यातल्या बैलाचा.

समारंभ झाला. टोपी लोणच्याच्या बरणीवर इतकी घट्ट बसली, की तिचा प्रश्न तिथेच मिटला. गाऊनचे मात्र आत्याला दोन परकर दिसत होते आणि अप्पांना काचेची फ्रेम.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. साहेब नवे, जीपा नव्या, फायली नव्या. पाणी तेवढं नव्हतं. आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा आणि गल्लीच्या हौदात गढूळ पाणी ओतून जायचा. माझी आई, म्हणजे अव्वा, हौदाच्या तोंडावर जुनं लुगडं बांधून ते गाळायची. त्या दिवशी पाइप लावायच्या वेळेलाच लुगडं टर्रकन फाटलं.

"अव्वा, थांब! गाऊन आणतो," मी म्हणालो. "वीण घट्ट आहे. गाळ सोडाच, जंतूसुद्धा अडतील!"

"आरं, कोरं कापड हाय. आधी दोन पाण्यातून काढावं लागंल."

"दोन पाणी आणायचं कुठून? मी रसायनशास्त्र शिकलोय ना?"

अव्वाने माझ्याकडे बघितलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला शिक्षणाचा फार आदर. "शिकल्यालं हाय, ऐकावं," म्हणाली आणि बाजूला झाली.

मी गाऊनच्या दोन बाह्या हौदाच्या दोन कड्यांना बांधल्या, खालचा घेर दगडांखाली दाबला आणि सेनापतीसारखा हात वर केला. "सोडा!"

पाणी सुटलं. गाऊन फुगला, डुलला आणि दगडांसकट आत गेला! बाहेर काढेपर्यंत टँकर रिकामा झाला होता आणि हौदात आठ दिवसांची शाई भरली होती.

मग शेजारच्या गंगाकाकू वाकून बघत म्हणाल्या, "इरभद्रा, हे प्यालं की आमीबी पदवीधर व्हतो काय रे?"

मला तोंड लपवायला गाऊनही कोरडा उरला नव्हता. पण अव्वा! तिने पदर खोचला. "थेंब सांडायचा न्हाई! इटलेल्या छत्र्या आणा, लुगडी आणा, समदं रंगवून घ्या. शेणकाल्याला हेच वापरा." आणि घरातल्या पिण्याच्या दोन घागरी तिने बाहेर आणल्या. घरटी दोन तांबे, आमच्या घरालाही दोनच. अर्ध्या तासात गल्ली छत्र्या रंगवत होती आणि चक्क हसत होती. इतकं शहाणपण कोणत्या विद्यापीठात मिळतं, सांगा!

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. टंचाई पाहायला निघालेले नवे साहेब खाली उतरले, हौदात डोकावले आणि पांढरे पडले.

"बाई, हे पाणी पिता तुम्ही?"

"अजून प्यालो न्हाई, साहेब," अव्वा म्हणाली.

"आलं कुठून?"

"टँकरातून."

एक शब्द खोटा नाही! मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. साहेबांनी वही काढली. "उद्याच दुसरा टँकर पाठवतो," म्हणत पेनाचं टोपण उघडलं. एवढी सही झाली असती, की आम्ही सगळे सुटलो असतो.

लिहिता लिहिता साहेब थांबले. "पण पाण्यात नेमकं मिसळलंय काय? कुणी शिकलेलं आहे का इथं?"

अव्वाने माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. पण पदवी मिळाल्यापासून मला रसायनशास्त्राचा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस! माझी छाती आपोआप पुढे आली, आणि साहेबांचं पेन जागच्या जागी मिटवणारं ते वाक्य मी खणखणीत आवाजात म्हणालो :

"साहेब, पाण्यात काही दोष नाही, ती माझी बी.एस्सी. आहे!"