परातीवरची जाळी

तळ्याचा हिशेब जुळत नव्हता, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाऊस किती पडला, कड्यावरून बारमाही पडणाऱ्या झऱ्याच्या धारेनं किती पाणी आणलं, उन्हानं किती उडालं, एवढीच तर बेरीज-वजाबाकी! पण संगणकावर आमचं लोणारचं खारं तळं फुगतच चाललं होतं, काठावरचं देवीचं मंदिर पोटात घेत. साहेब म्हणाले, "सोपं आहे. धारेचं पाणी पाइपानं बाहेर वळवू." सोमवारी बैठक होती आणि आकडे माझे होते.

सोपं म्हणे! लग्न होऊन आल्यापासून माय रोज पहाटे त्या धारेखाली आंघोळ करते. तिला सांगायचं कोणत्या तोंडानं? जेवण जाईना, एका जागी बसवेना.

बाष्पीभवन मोजायची पत्र्याची मोठी परात मी आमच्या गच्चीवरच ठेवली होती, कारण तळ्याकाठी माकडं ती पालथी करायची. पाखरं पाणी पिऊ नयेत म्हणून तिच्यावर जाळी असायची; ती रोज बाजूला पडलेली दिसे, वाऱ्यानं पडली समजून मी परत ठेवायचो. परातीतलं पाणी जितकं उतरेल, तितकं उन्हानं नेलं असं धरायचं. रविवारी चैन पडेना म्हणून नेहमीपेक्षा लवकर वर गेलो, तर ओल्या केसांची माय तिथं उभी. जाळी काढून बाजूला ठेवलेली, हातातला लोटा परातीत रिकामा होत होता.

"माय! काय करून राह्यली तू?"

"पाखरायले पाणी. उन्हानं जीव जाते बिचाऱ्यायचा." मग जाळीकडे बोट दाखवून माझ्यावरच घसरली, "अन् हे काऊन ठेवतो रे वर? एवढं पाणी भरायचं अन् झाकून ठेवायचं! इतका कद्रू कसा झाला तू?"

"रोज घालतं?"

"हाव. उन्हाळा लागला तवापासून."

इकडे परातीतलं पाणी फारसं उतरत नाही म्हणून मी उन्हाला कामचुकार ठरवून बसलो होतो, आणि म्हणूनच संगणकावरचं तळं फुगत होतं! डोस्कंच फिरलं माझं.

"अवं, तुह्या या पाण्यापायी धार वळवून राह्यले होते ते! उद्या बैठक हाये!"

माय लोट्यात पाहत राहिली.

"हे धारेचंच पाणी हाये," ती हळूच म्हणाली. "आंघोळ झाली का भरून आणतो."

मला हसावं की रडावं कळेना. "आता साहेबाले काय सांगू मी?"

"सांग, मायनं घातलं म्हणून."

"हसतीन सारे."

"हसू दे," तिनं जाळी उचलून स्वतःच्या हातानं परातीवर ठेवली. "माह्यी धार राहू दे."